माल हाय तिथं कुलूप न्हाई

बाजारात किंवा एस.टी.च्या रांगेत एखादा म्हातारा चालता चालता उगाच कमरेला हात लावून चाचपताना दिसला की मला मन्मथअप्पा आठवतात. बाकीचे लोक पाकीट चाचपतात, मोबाईल चाचपतात. अप्पा चाव्या चाचपायचे. धोतराच्या आत करदोड्याला बांधलेला त्यांचा जुडगा एवढा मोठा होता की ते गल्लीच्या तोंडाशी आले तरी किणकिण ऐकून माझ्या वर्गातली पोरं "अप्पा आले" म्हणून मोकळी व्हायची. गंमत म्हणजे त्यातल्या निम्म्या चाव्यांची कुलपं जगात कुठंच नव्हती. कामून, असं विचारलं तर म्हणायचे, "चोरानं जुडगा मारलाच, तर बसू द्या की लेकाला येकेक लावून बघत! तवर उजाडतंय."

मी नांदेडची. जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले आणि उदगीर-देगलूर रस्त्यावरच्या एका गावात जाऊन पडले. भाड्यानं खोली मिळाली ती अप्पांच्या किराणा दुकानाच्या बरोबर समोर. दुकानाच्या मागंच त्यांचं घर. तिथं किती वर्षं काढली ते जाऊ द्या. रोज सकाळी दार उघडलं की समोर अप्पा गादीवर मांडी घालून बसलेले, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी आणि नजर रस्त्यावर. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्यांच्या हिशोबानं चोर होता, फक्त अजून त्याला वेळ मिळाला नव्हता. मीसुद्धा त्यातच धरलेली असणार सुरुवातीला.

पहिल्याच आठवड्यात मी वेलदोडे मागितले. अप्पांनी मागं वळून 'डांबरगोळ्या' लिहिलेला डबा खाली काढला.

"अप्पा, वेलदोडे म्हटलं मी. डांबरगोळ्या नकोत."

"वेलदोडंच देऊन राहिलो, मॅडम."

"मग डब्यावर असं काय लिहिलंय?"

अप्पांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "वेलदोडा केवढ्याला हाय ठाव हाय का? आन डांबरगोळ्या कोन चोरतंय? चोराच्या डोक्यानं इचार करायचा, मॅडम. कुलूप हाय तिथं माल न्हाई. माल हाय तिथं कुलूप न्हाई."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. दुकानातल्या मोठ्या लाकडी पेटीला पितळी कुलूप होतं आणि पेटीत रद्दी होती. काजू साबणाच्या खोक्यात. केशराची डबी कुठं होती हे आजही मला ठाऊक नाही, आणि बहुधा अप्पांनाही नसावं, कारण गिऱ्हाईक आलं की ते सगळं दुकान उलथंपालथं करायचे आणि शेवटी "उद्या या" म्हणायचे. माझ्या त्या वेलदोड्यांच्या चहाला मात्र महिनाभर कपाटाचा वास येत होता. मी मनात म्हटलं, बाई, कुठं येऊन पडलीस!

अप्पांच्या बायकोला सगळं गाव अव्वा म्हणायचं. माहेर भालकीचं, सीमेपलीकडचं, त्यामुळं बोलण्यात मधूनच कानडी यायची. 'हो' म्हणायचं असलं की "हौदु." ठेंगणी, सावळी, आणि तोंडानं अगदी कमी. अप्पा दिवसभर जेवढं बोलायचे त्याला अव्वा संध्याकाळी एका वाक्यात उत्तर द्यायची आणि आत जायची. अप्पांचा मुलगा पुण्याला कंपनीत, आणि मुलगी गौरा लातूरला शिकत होती.

अव्वाजवळ माहेरचं म्हणून एकच डाग होता. पुतळ्याची माळ. चपट्या सोन्याच्या पुतळ्या, जुन्या घडणीच्या, लाल गोंड्यात ओवलेल्या. अव्वाच्या आईनं ती अव्वाच्या लग्नात स्वतःच्या गळ्यातून काढून तिच्या गळ्यात घातली होती आणि म्हणाली होती, तुझ्या लेकीच्या लग्नात तूही अशीच घाल. अव्वानं हे मला एकदा भाजी निवडताना सांगितलं. एवढं मोठं वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

मी गेले तेव्हा अप्पांचं घर मातीचं होतं. मातीच्या घरात वस्तू लपवायची म्हणजे काही मोठं काम नसायचं. भिंत खरवडायची, गाडगं आत बसवायचं, वरून माती लिंपायची. दोन दिवसांत भिंत वाळली की कुणाच्या बापाला कळायचं नाही. माळ अशीच राहायची. गाडगं अप्पा बसवायचे आणि वरून हात फिरवायची अव्वा, कारण लिंपण काय ते बाईमाणसालाच येतं. सणावाराला माळ काढायची, घालायची, परत नव्या जागी. चोराच्या डोक्यानं अप्पा विचार करायचे खरे, पण भिंतीवर बोटं उमटायची ती अव्वाची.

मग पुण्याच्या पोरानं हट्ट धरला आणि मातीचं घर पाडून सिमेंटचं उठवलं. स्लॅब, पांढरी फरशी, आत नळ, दाराला ग्रॅनाईट. गावातलं चांगलं घर. सगळे खूश. अप्पा तेवढे हरवल्यासारखे झाले. सकाळ-संध्याकाळ या खोलीतून त्या खोलीत हिंडायचे, बोटांच्या पेरांनी भिंती ठोकून बघायचे.

"मॅडम, घर बांधलं का खोकं बांधलं ह्यानं? कुठं काई ठेवावं तर सगळंच दिसून राहिलंय!"

"कपाटात ठेवा की, अप्पा."

"कपाट? चोर घरात शिरला की आधी कपाटाच्या पाया पडतो!"

पोरगा म्हणाला, बँकेत लॉकर घ्या. अप्पा तालुक्याला जाऊन लॉकर बघून आले आणि संतापले. एक चावी गिऱ्हाइकाची, एक बँकेची, दोन्ही लागल्याशिवाय उघडत नाही, हे काही केल्या त्यांच्या पचनी पडेना. "म्हंजे माझ्या बायकूच्या माळेला सायबाची परवानगी?" आठवडाभर ते हेच म्हणत होते. पोरानं मग आकड्यांची बटणं असलेली लोखंडी तिजोरी पाठवून दिली. अप्पांनी ती बैठकीत मांडली, वर फुलाफुलांचं कापड टाकलं आणि येईल त्याला दाखवायला लागले. मला वाटलं, चला, एकदाचं मिटलं. तर एक दिवस मला एकटीला बघून त्यांनी बटणं दाबून ती उघडली. आत फाटक्या चपला.

"ही चोरासाठी हाय," अप्पा म्हणाले. "न्यायची असंल तर नेऊ द्या. कंबर मोडंल त्याची."

पोरानं कॅमेराही लावला. तो तर अप्पांना अजिबात मानवला नाही. कॅमेऱ्यासमोर वस्तू लपवायची तरी कशी? पोरगा पुण्यात बसून बघणार, त्याच्या शेजारचाही बघणार. म्हणून घरात काही करायचं असलं की अप्पा कॅमेऱ्यावर टॉवेल टाकायचे, आणि टॉवेल पडला रे पडला की पुण्याहून फोन, "अप्पा, काय झालं? कोण आलंय?" गल्लीतल्या लोकांना ते पाठ झालं होतं. घरातला फोन खणाणला की म्हणायचे, अप्पा काहीतरी लपवून राहिलेत.

बांधकाम करणारा खाजाभाई मिस्त्री सरळ माणूस. अप्पांनी त्याला देव्हाऱ्यामागं कुणाला कळणार नाही असा कोनाडा ठेवायला सांगितला. खाजाभाईनं ठेवला, आणि असा नामी जमला की त्याला राहवेना. चहाच्या हॉटेलात त्यानं चार लोकांना हाताची मापं करून दाखवला. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईकं दुकानात विचारायला लागली, "अप्पा, कोनाडा झकास झालाय म्हनं!" अप्पांनी तिथं गुपचूप दगडी नंदी नेऊन बसवला. मग हसावं की रडावं असं तोंड करून दिवसभर गादीवर बसून राहिले.

त्यातच वास्तुशांती आली. तिथंही गोंधळ. गावातले एक वयस्कर लिंगायत गृहस्थ म्हणाले, आपल्यात वास्तूची प्रतिमा पुरायची चालच नाही, स्वामींचे पाय घराला लागले की झालं. अप्पांचे स्वामी म्हणाले, पुरतात, मी कितीतरी घरांत पुरलीय. अप्पा दोन्हीकडं मान डोलवत राहिले आणि मला म्हणाले, "दोन्ही बाजूनं बंदोबस्त केलेला बरा." म्हणून स्वामींची पाद्यपूजाही झाली आणि स्वयंपाकघरात आग्नेय कोपऱ्याला खड्डा करून प्रतिमाही बसवली. खड्डा सिमेंटनं बुजवायचं काम खाजाभाई दुसऱ्या दिवशी सकाळी करणार होता. मी जेवून घरी आले. पुरणपोळी छान झाली होती, एवढंच माझ्या लक्षात.

त्यानंतर मात्र अप्पा पार बदलले. आधी हा माणूस झोपायचा कधी तेच मला कळत नसे. समोरून सारखी चाव्यांची किणकिण, खोकला, "कोन हाय रे?" आता दुपारी कट्ट्यावर आडवे व्हायचे आणि घोरायचे. अहो, तोंड उघडं टाकून! भिंती ठोकणं बंद, टॉवेल बंद, पुण्याचे फोन बंद. चेहरा भरला. गल्लीत जो तो विचारायला लागला, अप्पांनी ठेवलं तरी कुठं?

अव्वानंही विचारलं. माझ्यासमोरच विचारलं.

"माळ कुठं हाय?"

"हाय."

"कुठं हाय म्हनते मी."

"सुखरूप हाय. तुला सांगितलं की तुझ्या भैनीला कळंल, भैनीला कळलं की समद्या भालकीला कळंल. तू कशाला फिकीर करतीस?"

अव्वानं त्यांच्याकडं बघितलं आणि ती आत निघून गेली. माळ तिची, तिच्या आईची, आणि ती कुठं आहे हे तिलाच सांगायचं नाही! मला राग आला अप्पांचा. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी त्यांच्याकडून साखर घेतली नाही, पुढच्या गल्लीतून आणली. अव्वा मात्र दर काही महिन्यांनी तेच विचारत राहिली, त्याच शांत आवाजात, आणि दर वेळी तेच उत्तर ऐकून आत जात राहिली. मला तिचं कळायचं नाही. रागावत का नाही ही बाई?

दुसऱ्याच भानगडींनी त्या दिवसांत दुकान गाजत होतं. एक तर अप्पांचं पन्नास ग्रॅमचं पितळी वजन हरवलं. वास्तुशांतीच्या गर्दीत कुणीतरी उचललं असा अप्पांचा ठाम समज. नवं आणायचे नाहीत, कारण नवं आणलं तर चोर जिंकला! तेव्हापासून आमच्या गावात पन्नास ग्रॅम चहापत्ती मिळेना. शंभर घ्या, नाहीतर अप्पांनी नदीतून शोधून आणलेल्या एका गोट्यावर विश्वास ठेवा. दुसरी कटकट गादीची. "कापसाला गाठी झाल्या, टोचून राहिलंय," म्हणून ते बसल्या जागी सारखे चाळवायचे. दारावर पिंजारी आला की अव्वा त्याला हाकलून द्यायची. "चांगली हाय गादी. तुमीच लई हालताव." रोज संध्याकाळी मात्र ती गादी स्वतः उचलायची, झटकायची आणि आत घेऊन जायची. मला वाटायचं, काय ही स्वच्छतेची आवड!

दोनेक वर्षं अशी गेली आणि गौराचं लग्न ठरलं. निलंग्याचा मुलगा, शिक्षक. साखरपुडा झाला त्या दिवशी अव्वा अप्पांना म्हणाली, "आता माळ काढून ठेवा. उजळायला टाकावी लागंल."

"काडतो," अप्पा म्हणाले.

त्या दिवसापासून अप्पांची झोप उडाली ती उडालीच. परत किणकिण, परत खोकला. गिऱ्हाइकानं मीठ मागितलं तर हळद द्यायला लागले. एक दिवस मी मुलांच्या वह्या तपासत ओट्यावर बसले होते तर शेजारी येऊन बसले.

"मॅडम, शाळंच्या पुस्तकात वास्तुशांतीवर काई धडा हाय का?"

"नाही हो. का?"

"न्हाई, माझा येक दोस्त हाय. त्यानं वास्तूच्या खड्ड्यात देवाजवळ येक जिन्नस ठेवली. आता ती काडावी का न काडावी, असं झालंय त्याला."

म्हणजे बघा! मी वही मिटली. "अप्पा, तो दोस्त करदोड्याला चाव्या बांधतो का?"

अप्पांनी कमरेचा जुडगा मुठीत धरला. मग हळूहळू सगळं सांगितलं. स्वामी पूजा आटपून उठले, खड्डा उघडाच होता, आणि अप्पांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चोर असला तरी गावचाच असणार, त्याला घरदार, लेकरंबाळं असणार. वास्तूच्या खड्ड्याला तो मेला तरी पहार लावणार नाही. माळ हिंगाच्या पत्र्याच्या डबीत घातली, डबी धोतराच्या फडक्यात बांधली आणि देवाशेजारी ठेवली. सकाळी खाजाभाईनं सिमेंट ओतायच्या आधी अप्पांनी वरूनच हात लावून बघितली. जड होती. मग जाऊन निवांत झोपले.

"मग काढा की आता," मी म्हटलं.

"कसं काडू? स्वामीला दोस्ताचं म्हनून इचारलं. स्वामी म्हनले, खड्ड्यात गेलं ते वास्तूचं झालं, उकरलं तर घराचं सुख उकरलं. मग त्या म्हाताऱ्याकडं गेलो. तो म्हनला, आपल्यात पुरतच न्हाईत, तर उकरल्याचा दोष कुठून लागंल? खाजाभाई म्हनला, दोषाचं मला कळत न्हाई अप्पा, पर त्या फरशीचा रंग आता बाजारात मिळत न्हाई." अप्पांनी कपाळाला हात लावला. "कुनाचं ऐकू, मॅडम? चोराचा हात लागनार न्हाई असी जागा शोदली, आन आता माझाच हात लागून न्हाई राहिला. पोरीचं लगीन तोंडावर. त्याच घरातून पोरगी जानार, आन लग्नाच्या आधी मी वास्तू उकरू? काई वाईट झालं तर?"

"दुसरी माळ केली तर?"

"तिच्या मायची माळ दुसरी कसी करनार?"

मी पदवीधर बाई, पोरांना विज्ञान शिकवते, ताडकन सांगायला पाहिजे होतं की उकरा, काही होत नाही. पण लग्नाआधी वास्तू उकरायची म्हटल्यावर माझंही धाडस होईना. मी एवढंच म्हटलं, "अव्वांना सांगा."

"तिला कसं सांगू?" अप्पा म्हणाले. "तिच्या मायची माळ देवाला देऊन बसलो म्हनू?"

ते काही सांगेनात. अव्वा रोज सकाळी विचारायची, "काडली का?" आणि अप्पा म्हणायचे, "काडतो." नवऱ्याकडं बघत ती क्षणभर थांबायची, मग चुलीकडं वळायची. मला तर वाटायचं, तिला सगळं कळलंय. पण कसं कळणार?

अव्वा बहिणीला लग्नाचं निमंत्रण द्यायला भालकीला गेली त्या दिवशी दुपारी अप्पा माझ्याकडं आले. डोळे खोल गेलेले. रविवार होता, शाळा नव्हती.

"काडून राहिलो, मॅडम. तुमी आमच्या ओट्यावर बसा. आवाज झाला आन कुनी इचारलं तर सांगा नळ फुटला म्हनून."

मी बसले. आतून पहारीचा एक घाव, आणि लगेच अप्पांचा आवाज, "माफ कर देवा." परत घाव, परत "माफ कर." जाणारे-येणारे थांबायला लागले. मी आपली, नळ फुटलाय, नळ फुटलाय. कॅमेऱ्यावर अर्थातच टॉवेल, त्यामुळं पुण्याहून फोन. तोही मीच घेतला आणि नळच सांगितला. मग आतला आवाज एकदम थांबला. बराच वेळ काही ऐकू येईना, तशी मी घाबरून आत गेले.

अप्पा खड्ड्याच्या कडेला बसले होते. शेजारी फुटलेली फरशी. देवाची प्रतिमा जिथल्या तिथं, त्यांनी तिला हातही लावला नव्हता. मांडीवर हिंगाची डबी उघडी, आणि तळहातावर पितळी वजन. पन्नास ग्रॅमचं.

"हे माझं हाय," अप्पा म्हणाले. "ह्याच्यावर माझी खून हाय, कानशीनं पाडलेली."

"आणि माळ?"

"माळ न्हाई."

फळ्यावरचं काहीच न कळलेल्या वर्गातल्या एखाद्या पोरासारखे ते माझ्याकडं बघत होते. "चोरानं माझ्याच दुकानातून वजन चोरलं, आन माझ्याच घरात आनून पुरलं? कामून? खाजाभाईनं केलं म्हनावं तर तो दुकानात पाय ठेवत न्हाई. स्वामीनं केलं म्हनावं तर मीच त्यास्नी एस्टीत बसवून आलो. मॅडम, हा कसला चोर?" मग आवाज एकदम बसला. "तिला काय सांगू मी?"

मी पाणी आणून दिलं. त्यांनी घेतलं नाही. अव्वा चारच्या गाडीनं येणार होती. दोघंही आम्ही ती येईपर्यंत तसेच बसून राहिलो, खड्डा मध्ये.

अव्वा आली. पिशवी दारात ठेवली. खड्डा बघितला, फरशी बघितली, नवऱ्याच्या हातातलं वजन बघितलं.

"घावलं म्हना वजन," ती म्हणाली.

अप्पांनी मान वर केली.

"तू?"

"हौदु."

"कवा?"

"तुमी स्वामीला एस्टीत बसवायला गेलाव तवा. तुमी डबी ठेवताना मी भांडी घासून राहिले व्हते इथंच. माझ्याकडं तुमचं ध्यान कुठं व्हतं?"

"आन माळ?"

अव्वा दुकानात गेली. गादी उचलून घेऊन आली, खाली बसली, एका कोपऱ्याची शिवण दातानं तोडली, कापसात हात घातला आणि माळ बाहेर काढली. पुतळ्यांना कापसाचे धागे चिकटले होते. ते ती एकेक करून काढत बसली.

"म्या हिच्यावर बसलो?" अप्पांना धड बोलताही येईना. "दोन वरसं म्या माळेवर बसलो?"

"दुकानातून उठायचं नाव न्हाई तुमचं. तुमच्यापरीस बरा राखनदार कुठून आनू? संध्याकाळी मी उश्याला घेते." अव्वा कापूस निवडतच होती. "माल हाय तिथं कुलूप न्हाई. तुमीच म्हनताव."

मला हसू फुटलं. पण अप्पांचा चेहरा बघितला आणि गप्प बसले.

"मग मला सांगायचं न्हाई व्हय, गौराची माय? दोन महिनं झालं, मी झुरून राहिलो."

अव्वाचे हात थांबले.

"तुमी सांगितलं व्हतं?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण तसा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. "मातीच्या घरात गाडगं तुमी ठेवायचाव, लिपायची मी. कुठं काय हाय, दोघाला ठाव असायचं. हे घर बांधलं आन माझा हात लागायचा बंद झाला. देवाला दिली व्हती माझ्या मायची माळ, आन मला इचारलं न्हाई. मी इचारायचे, माळ कुठं हाय. माळेसाठी न्हाई इचारत व्हते. माळ उश्याला व्हती माझ्या. वाटायचं, आज सांगतील. आज न्हाई तर उद्या सांगतील."

अप्पा खाली मान घालून बसले. मग त्यांनी वजन हातात फिरवत, खरोखरच कोडं पडल्यासारखं विचारलं, "पर मग... खड्ड्यात तर काईच नव्हतं. म्या दोन वरसं येवढा बिनघोर झोपलो तरी कशाच्या भरवशावर?"

"माझ्या," अव्वा म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.

गौराच्या लग्नात अव्वानं स्वतःच्या गळ्यातून काढून माळ लेकीच्या गळ्यात घातली. मधली एक पुतळी जरा वाकलेली होती. सोनार सरळ करून देतो म्हणाला होता, अव्वानं करू दिली नाही. अप्पा मांडवाच्या खांबाला धरून उभे होते आणि त्या वाकलेल्या पुतळीकडं बघून एकटेच हसत होते. मग डोळे पुसायला लागले. मलाही रडू आलं, मी कशाला लपवू!

खड्डा लग्नाच्या आधीच बुजवला होता. स्वामी आले, पुन्हा थोडी पूजा झाली. खाजाभाई सिमेंट कालवून थापी घेऊन बसला तर अप्पांनी त्याला थांबवलं आणि थापी अव्वाच्या हातात दिली. "शेवटचा हात तुझा फिरू दे," म्हणाले. फरशी दुसऱ्या रंगाची बसली. पांढऱ्या फरशीत एक हिरवा चौकोन. कुणी विचारलं तर अप्पा सांगायचे, "नळ फुटला व्हता."

पुढं माझी बदली नायगावला झाली आणि गाठीभेटी कमी झाल्या. मध्यंतरी उदगीरच्या बसस्थानकात दोघं दिसली. बाकावर बसलेली, गौराकडं निलंग्याला निघालेली. अप्पा वाळले होते. मला बघून उठायला लागले आणि उठता उठता सवयीनं कमरेला हात गेला. कमरेला काही नव्हतं. चेहरा एकदम पांढरा पडला.

अव्वानं त्यांच्याकडं बघितलंही नाही. बसची पाटी वाचता वाचता तिनं आपल्या लुगड्याच्या ओच्याला एक चापट मारली. आतून किणकिण झाली. अप्पा खाली बसले.

"चाव्या अव्वांकडं दिल्या होय?" मी विचारलं.

"समद्या."

"आणि घरातला माल कुठं असतो आता?"

"मला ठाव न्हाई, मॅडम," अप्पा म्हणाले. "म्या इचारलं बी न्हाई."

त्यांची गाडी लागली. अव्वा पिशवी घेऊन पुढं झाली, अप्पा मागं. चढता चढता दारात त्यांचा हात परत कमरेला गेला. तिनं पुढूनच, मागं न बघता, एकदा चाव्या वाजवल्या, आणि ते आत चढले.